व्हेरिटासचं नक्की काय झालं? नेटबॅकअप, बॅकअप एक्झेक आणि जुन्या टेप्सचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: सहकारी बँकेच्या आयटी विभागात नवी नेमणूक. मुख्य सर्व्हरवर नेटबॅकअप, दोन शाखांत बॅकअप एक्झेक (दोन्ही बॅकअपची सॉफ्टवेअर) आणि एका जुन्या क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांची जागा घेणाऱ्या सर्व्हरच्या गटावर, डिस्क सांभाळणारं इन्फोस्केल. तिन्हींच्या जुन्या कागदांवर कंपनीचं नाव कुठे सिमँटेक, कुठे व्हेरिटास. आता पहिल्याचा सपोर्ट कोहेसिटीकडे, उरलेल्या दोघांचा आर्क्टेराकडे. व्हेरिटास ही कंपनी कितीदा विकली गेली, का विकली गेली, आणि कपाटातल्या जुन्या टेप्स वाचता येतील का?

टेप्सचं आधी सांगतो. टेप वाचली जाईल की नाही, हे कंपनीच्या मालकावर ठरत नाही. कॅटलॉग (बॅकअपची नोंदवही), ड्राइव्हची पिढी आणि एन्क्रिप्शनची चावी या तीन गोष्टींवर ठरतं. कंपनी इतक्या हातांतून गेली तरी ग्राहक का टिकले, याचं उत्तरही त्याच टेप्समध्ये आहे. सात-आठ वर्षं सांभाळायचा डेटा ज्या सॉफ्टवेअरने लिहिला, ते सॉफ्टवेअर तेवढी वर्षं बदलणं कुणालाच परवडत नाही.

सुरुवात १९८२ ची. इंटेलमधून बाहेर पडलेल्या दोघांनी, इलाय अलोन आणि डेल शिपली यांनी, कॅलिफोर्नियात टॉलरंट सिस्टिम्स काढली. तेव्हा ही हार्डवेअरची कंपनी होती. एखादा भाग बिघडला तरी चालू राहणारं ‘इटर्निटी’ नावाचं मशीन आणि त्यावर युनिक्सवर बेतलेली ‘टीएक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम. या बाजारात टँडम ही कंपनी आधीच पाय रोवून बसलेली होती, टॉलरंटची मशीन फारशी खपली नाहीत. १९८८ च्या सुमारास हार्डवेअरचा नाद सोडला, पण टीएक्समधले दोन तुकडे मोलाचे होते: क्रॅशनंतर चटकन सावरणारी फाइल सिस्टिम आणि अनेक डिस्क एकत्र हाताळणारा व्हॉल्यूम मॅनेजर. एटी अँड टीला युनिक्ससाठी हेच हवं होतं. त्या व्यवहारावर कंपनी तगली आणि १९८९ मध्ये व्हेरिटास सॉफ्टवेअर झाली. हे तुकडे म्हणजेच व्हीएक्सएफएस आणि व्हीएक्सव्हीएम, तुमच्या इन्फोस्केलचा गाभा.

१९९० मध्ये मार्क लेस्ली सीईओ झाले. त्या वर्षीचं उत्पन्न ९५ हजार डॉलर सांगितलं जातं. अकरा वर्षांनी तो आकडा दीड अब्ज डॉलरवर होता. आधीचा धंदा युनिक्स बनवणाऱ्या कंपन्यांना कोड परवान्याने देण्याचा. एचपीच्या एचपी-यूएक्स या युनिक्समधली ‘जेएफएस’ फाइल सिस्टिम म्हणजे व्हीएक्सएफएसच, आणि सनने विकलेला एंटरप्राइझ व्हॉल्यूम मॅनेजर म्हणजे व्हीएक्सव्हीएमवर चिकटवलेलं सनचं लेबल. डिसेंबर १९९३ मध्ये शेअर नॅसडॅकवर आला. परवान्याच्या धंद्यात नाव दुसऱ्याचं आणि भाव घासून दिलेला, म्हणून पुढे स्वतःच्या नावाने थेट ग्राहकांना विकायला सुरुवात झाली. माझ्या मते कंपनीचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. सनच्या युनिक्सवर, म्हणजे सोलॅरिसवर, चालणाऱ्या अनेक मोठ्या ओरॅकल डेटाबेसखाली मग व्हेरिटास दिसू लागलं.

लोक त्यासाठी पैसे का मोजत, हे व्हीएक्सव्हीएमची रचना पाहिली की कळतं. हा सॉफ्टवेअर प्रत्येक डिस्कवर एक छोटा ‘प्रायव्हेट रीजन’ राखून ठेवतो आणि डिस्क ग्रुपची सगळी मांडणी तिथे लिहितो: कुठला सबडिस्क (डिस्कचा तुकडा) कुठल्या प्लेक्समध्ये (डेटाच्या एका प्रतीत), कुठला प्लेक्स कुठल्या व्हॉल्यूममध्ये. मांडणी सर्व्हरच्या पोटात नसून डिस्कवरच असल्यामुळे एका सर्व्हरवरून ग्रुप ‘डीपोर्ट’ करायचा, दुसऱ्यावर ‘इंपोर्ट’ करायचा, की डेटा तिथे हजर. क्लस्टरचा अख्खा खेळ यावर उभा आहे. विंडोज २००० मधल्या डायनॅमिक डिस्कचा व्यवस्थापकही मायक्रोसॉफ्टने व्हेरिटासबरोबर केलेला. तिथे डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ‘फॉरेन डिस्क’ दिसते आणि ‘इंपोर्ट’ करा म्हणते, ती याच घराण्यातली. यावरून पुढे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटलाही झाला आणि २००८ मध्ये तडजोडीने मिटला.

तुमच्या जुन्या क्लस्टरवर घोळ होतो तो इथेच. ग्रुप ज्या सर्व्हरकडे आहे त्याचं नाव डिस्कवर कोरलेलं असतं. तो सर्व्हर डीपोर्ट न करता पडला, तर दुसरीकडे इंपोर्ट करताना ‘डिस्क दुसऱ्या होस्टच्या वापरात’ असा नकार मिळतो. मग कुणीतरी इंपोर्टच्या आज्ञेला मोठ्या ‘सी’चा (-C) पर्याय देऊन खूण पुसतो आणि इंपोर्ट करतो. पहिला सर्व्हर खरोखर मेला असेल तर हे बरोबरच आहे. तो जिवंत असून नुसतं नेटवर्क तुटलं असेल, तर दोन सर्व्हर एकाच फाइल सिस्टिमवर लिहितात आणि काही मिनिटांत ती निकामी होते. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. ते टाळायला दोन स्वतंत्र हार्टबीट लिंक (सर्व्हर एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ सांगतात त्या जोडण्या) लागतात आणि आय/ओ फेन्सिंग, म्हणजे हरलेल्या सर्व्हरला डिस्कवर लिहिण्यापासून रोखणं, चालू लागतं. फेन्सिंगच्या कोऑर्डिनेटर डिस्कची संख्या विषम ठेवायची, किमान तीन, म्हणजे भांडणात बहुमत एकाच बाजूला जातं. दोन्ही हार्टबीट एकाच स्विचमधून नेलेल्या नाहीत ना, हे केबल हातात धरून बघा. आराखड्यात त्या नेहमी वेगळ्याच असतात!

आता नेटबॅकअप. ते मुळात व्हेरिटासचं नाहीच. १९८७ मध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनने बॅकअपचं एक सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे ते ‘बॅकअपप्लस’ नावाने इतरांना विकलं जाऊ लागलं. १९९३ च्या अखेरीस ओपनव्हिजन या कंपनीने ते बारा जणांच्या टीमसह घेतलं आणि नेटबॅकअप असं नाव दिलं. १९९७ मध्ये व्हेरिटास आणि ओपनव्हिजन एक झाल्या. युनिक्सवर नेटबॅकअप आजही ‘ओपनव्ही’ नावाच्या फोल्डरात बसतं आणि त्याच्या आज्ञा बॅकअपप्लसच्या ‘बीपी’ने सुरू होतात: बीपीआरडी, बीपीडीबीएम, बीपीसीडी. हजारो ग्राहकांच्या स्क्रिप्ट त्या नावांवर अवलंबून आहेत, म्हणून पुढच्या कुणाही मालकाने त्यांना हात लावला नाही. ओपनव्हिजनची आणखी एक खूण भलत्याच ठिकाणी सापडते: एमआयटीच्या केर्बरॉस या ओळख पटवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात त्यांचं नाव अजून आहे, कारण त्याची प्रशासन प्रणाली त्यांनी दिली होती.

बॅकअप एक्झेकची वंशावळ याहून गुंतागुंतीची. मेनार्ड इलेक्ट्रॉनिक्स ही मूळ कंपनी, तिच्याकडून टेप ड्राइव्ह बनवणाऱ्या आर्काइव्हकडे, मग कॉनरकडे, तिथे आर्केडा हे नाव, मग १९९६ मध्ये सीगेटकडे. विंडोज एनटीबरोबर फुकट मिळणारं एनटीबॅकअप याच घरातलं. त्यामुळे एनटीबॅकअपच्या जुन्या बीकेएफ फाइली बॅकअप एक्झेकची मंडळी ओळखतात, दोन्हींचा साचा एकच. १९९९ मध्ये सीगेटने हा सॉफ्टवेअर विभाग सुमारे १.६ अब्ज डॉलरना व्हेरिटासला दिला आणि मोबदल्यात रोख न घेता शेअर घेतले.

पुढे जे घडलं त्याला वॉल स्ट्रीटवरही फारशी तोड नाही. डॉट-कॉमच्या तेजीत व्हेरिटासचा भाव असा चढला की सीगेटकडच्या त्या शेअरची किंमत अख्ख्या सीगेटच्या बाजारमूल्यापेक्षा जास्त झाली. म्हणजे हार्ड डिस्कच्या कारखान्यांची किंमत बाजाराच्या लेखी शून्याखाली! शेअर थेट विकले तर कराचा बोजा प्रचंड. तोडगा निघाला नोव्हेंबर २००० मध्ये: सिल्व्हर लेकच्या पुढाकाराने गुंतवणूकदारांनी डिस्कचा धंदा विकत घेतला, आणि उरलेली, मुख्यतः व्हेरिटासचे शेअर धरून असलेली सीगेट व्हेरिटासमध्ये विलीन झाली. त्याच महिन्यात ओरॅकलमधून आलेले गॅरी ब्लूम सीईओ झाले.

त्या काळाची काळी बाजूही आहे. सप्टेंबर २००० मध्ये एओएलला ३ कोटी डॉलरचं सॉफ्टवेअर ५ कोटींना विकल्याचं दाखवलं आणि त्याच वेळी एओएलकडून २ कोटींच्या जाहिराती घेतल्या. पैसा गोल फिरून परत, विक्रीचा आकडा मात्र फुगलेला. हिशेब दुरुस्त करून पुन्हा जाहीर करावे लागले आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक एसईसीबरोबरच्या तडजोडीत ३ कोटी डॉलर दंड झाला. मधल्या काळात, २००२ मध्ये, मुख्य वित्त अधिकाऱ्यांना (सीएफओ) राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांनी सांगितलेली स्टॅनफर्डची एमबीए पदवी खोटी निघाली. सॉफ्टवेअर मात्र चालत राहिलं. हे तेव्हाच्या अभियंत्यांचं श्रेय, आणि त्यांत पुण्याचे बरेच होते. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. सिमँटेकच्या काळात ते बाणेर-पाषाण लिंक रोडवर होतं. फाइल सिस्टिम, क्लस्टर, बॅकअप ही कामं तिथे मुळापासून होत, नुसती चाचणी नव्हे. पुण्यात स्टोरेजची जाण असलेली माणसं मुबलक मिळतात याचं एक कारण हे केंद्र. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ड्रुवाच्या संस्थापकांपैकी जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे हे व्हेरिटासमधलेच. पुढे ड्रुवा बॅकअपच्याच बाजारात उतरली.

१६ डिसेंबर २००४ रोजी सिमँटेकने सुमारे १३.५ अब्ज डॉलरच्या शेअर-बदलीने व्हेरिटास घेत असल्याचं जाहीर केलं, आणि जुलै २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला. मांडणी कागदावर देखणी होती: सुरक्षा आणि उपलब्धता एका छताखाली. चुकलं ते खरेदीदाराच्या बाबतीत. अँटिव्हायरस घेणारा माणूस वेगळा, त्याचं बजेट वेगळं, त्याचा निर्णय काही आठवड्यांत. नेटबॅकअप घेणारा डेटा सेंटरचा माणूस वर्षभर चाचण्या करतो आणि मग दहा वर्षं हलत नाही. एकाच विक्रेत्याने दोन्ही विकायची म्हटली की दोन्ही अर्धवट होतात. त्यात खालची जमीनही सरकत होती. लिनक्समध्ये एलव्हीएम हा व्हॉल्यूम मॅनेजर फुकट, सोलॅरिसमध्ये झेडएफएस ही फाइल सिस्टिम फुकट, आणि एखादा सर्व्हर पडला तर व्हीएमवेअर दुसऱ्या सर्व्हरवर त्यातली व्हर्च्युअल मशीन आपोआप उठवतो. महागड्या व्हॉल्यूम मॅनेजरची गरज ओसरली. डिसेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीत सिमँटेकने सुमारे ७ अब्ज डॉलरचं गुडविल, म्हणजे खरेदीत मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत, पुस्तकातून काढून टाकलं. तांत्रिक काम थांबलं नव्हतं: प्युअरडिस्कचं डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) नेटबॅकअपमध्ये आलं, २०१० पासून तयार अप्लायन्स (सॉफ्टवेअर बसवलेली यंत्रं) आले. बॅकअप एक्झेक २०१२ मध्ये मात्र जॉबची यादी काढून सर्व्हरनिहाय मांडणी आणली आणि ग्राहक खवळले. रोज सकाळी रात्रीचे वीस जॉब एका नजरेत पाहणाऱ्याला वीस ठिकाणी क्लिक करावं लागलं. जॉब मॉनिटर २०१४ च्या आवृत्तीत परत आला, तोवर बरेच ग्राहक दुसरीकडे गेले होते.

पुढचं भरभर. ऑक्टोबर २०१४ मध्ये सिमँटेकच्या फाळणीची घोषणा. ऑगस्ट २०१५ मध्ये कार्लाइल या गुंतवणूक गटाला ८ अब्ज डॉलरना विकण्याचा करार, जानेवारी २०१६ मध्ये तो ७.४ अब्जांवर उतरून पुरा. व्हेरिटास टेक्नॉलॉजीज पुन्हा वेगळी, आता खासगी आणि खरेदीच्या कर्जाखाली. अशा कंपनीत नवं उत्पादन धडाडीने येत नाही, नूतनीकरणाची बिलं मात्र वेळेवर येतात. तेवढ्यात रुब्रिक आणि कोहेसिटी या नव्या कंपन्यांनी बॅकअपचा नवा धंदा खेचला. कोहेसिटी २०१३ मध्ये मोहित अरोन यांनी स्थापन केलेली. ते त्याआधी न्यूटॅनिक्सच्या संस्थापकांत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये घोषणा आणि डिसेंबर २०२४ मध्ये पूर्तता होऊन नेटबॅकअप, त्याचे अप्लायन्स आणि क्लाउडवरचं बॅकअप कोहेसिटीकडे गेलं. उरलेलं इन्फोस्केल, बॅकअप एक्झेक आणि ईमेल साठवणीचं एंटरप्राइझ व्हॉल्ट आर्क्टेरा नावाने वेगळं झालं. तुमच्याकडे दोन दारं का ठोठवावी लागतात, ते यामुळे. पहिलं काम म्हणून तिन्ही उत्पादनांचे करार क्रमांक आणि परवाने नव्या पोर्टलवर तुमच्या बँकेच्या खात्याला जोडलेले आहेत का, ते तपासा. स्थलांतरात खाती विस्कटतात आणि ते नेमकं रात्री दोन वाजता तिकीट उघडताना कळतं.

आता टेप्स. नेटबॅकअप टेपवर टारच्या (युनिक्सवरच्या खुल्या फाइल-गठ्ठ्याच्या) जवळच्या साच्यात लिहितं, म्हणून डेटा अगदीच बंद पेटीत नसतो. पण कुठल्या टेपवर काय आहे, हे मास्टर सर्व्हरच्या, म्हणजे नेटबॅकअप चालवणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या, कॅटलॉगला माहीत. कॅटलॉगमधली नोंद मुदत संपून गेली आणि टेपवर पुन्हा लिहिलं गेलं नसेल, तर ‘इंपोर्ट’ने नोंद परत उभी करता येते. ते दोन टप्प्यांत होतं: पहिल्यात टेपवरच्या बॅकअपचे मथळे वाचले जातात, दुसऱ्यात प्रत्येक बॅकअपमधल्या फाइलींची यादी. दुसरा टप्पा डेटातून सगळा जातो, म्हणून टेपांचा गठ्ठा असेल तर दिवस मोजून वेळ ठेवा. मुदत संपलेल्या टेपा आधी रायट-प्रोटेक्ट करा, म्हणजे छोटी खिटी सरकवा. हे विसरलात तर टेप लायब्ररीतला (टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्रातला) रोबो त्यांना रिकाम्या समजून रात्रीच्या बॅकअपला वापरतो.

ड्राइव्हचं गणित असं: एलटीओ या टेपच्या प्रकारात सातव्या पिढीपर्यंतचा (एलटीओ-७) ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचतो, एलटीओ-८ मात्र फक्त एलटीओ-७ वाचतो. म्हणजे एलटीओ-५ च्या टेपा कपाटात आहेत आणि लायब्ररी नवी घेताना सगळे ड्राइव्ह एलटीओ-८ चे घेतले, तर जुन्या टेपा शाबूत असून निरुपयोगी. एक जुना ड्राइव्ह त्याला सर्व्हरशी जोडणाऱ्या कार्डासकट जपा, नाहीतर तो जायच्या आत ठेवायच्या टेपा नव्यावर नकलून घ्या. नक्कल नेटबॅकअपच्या डुप्लिकेट आज्ञेनेच करा, म्हणजे कॅटलॉगमध्ये नवी प्रत नोंदली जाते.

तिसरी गोष्ट चावी, आणि बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित. टेप ड्राइव्हवर एन्क्रिप्शन चालू असेल तर चाव्या नेटबॅकअपच्या केएमएसमध्ये (चाव्या सांभाळणाऱ्या सेवेत) असतात, आणि केएमएसचा डेटाबेस कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये मुद्दाम घेतला जात नाही, कारण कुलूप आणि किल्ली एकाच टेपवर नको. मास्टर सर्व्हर जळाला आणि फक्त कॅटलॉग परत आणला, तर टेपा उघडणार नाहीत. चावी पासफ्रेज देऊन तयार केली असेल तर त्याच पासफ्रेजने आणि त्याच की-टॅगने (चावीच्या ओळखखुणेने) पुन्हा तयार करता येते. यादृच्छिक चावी असेल तर फाइली वेगळ्या जपणं हाच मार्ग. केएमएसच्या फाइली आणि पासफ्रेज वेगळ्या लिफाफ्यात, वेगळ्या तिजोरीत, दोन अधिकाऱ्यांच्या सहीने ठेवा. आवृत्ती ८.१ पासून कॅटलॉगच्या डीआर (आपत्तीनंतर सावरण्याच्या) पॅकेजलाही पासफ्रेज लागतो, तोही तिथेच.

मास्टर सर्व्हरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. कॅटलॉगमधल्या नोंदी त्या नावाला बांधलेल्या आहेत. पाच वर्षांपूर्वीच्या मशीनचं विचित्र नाव नव्या मशीनवर का चालू आहे, याचं कारण हेच.

रोज दिसणाऱ्या तक्रारींपैकी दोन ओळखून ठेवा. नेटबॅकअपचा स्टेटस कोड ५९ म्हणजे क्लायंटपर्यंत (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या मशीनपर्यंत) पोचलो, पण त्याने दार उघडलं नाही. क्लायंटच्या सर्व्हर-यादीत मास्टरचं नाव नाही किंवा डीएनएस (मशीनची नावं आणि पत्ते जुळवणारी सेवा) उलट दिशेने वेगळं नाव सांगतंय. क्लायंटवर बीपीसीएलएनटीसीएमडी ‘पीएन’ पर्यायासह चालवा, मास्टर तुम्हाला कुठल्या नावाने ओळखतो ते लगेच दिसतं. ५८ असेल तर मुळात पोचलोच नाही: फायरवॉलमध्ये १५५६ हा पोर्ट दोन्ही दिशांनी उघडा आहे का पाहा, आणि क्लायंट ८.१ च्या आधीचा असेल तर १३७२४ सुद्धा.

आणि या तिमाहीतच एक करून पाहा: सर्वांत जुनी, अजून मुदतीत असलेली टेप काढा, तिच्यातली एखादी फाइल मूळ जागी न टाकता वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करा, आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. लेखापरीक्षक विचारतो तेव्हा त्या कागदावर टेपचा क्रमांक, ड्राइव्हचा प्रकार आणि नेटबॅकअपची आवृत्ती हवी.